डावीकडे बसलेला भाऊ

त्याच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या आणि तिन्हींवर हुकूम त्याचाच चालायचा. मधली, पंख्याखालची खुर्ची त्याची स्वतःची. उजवीकडची, दाराजवळची, धाकट्या भावाची. डावीकडे भिंतीला लागून तिसरी होती, ती गर्दीच्या दिवशी ज्याचा हात मोकळा असेल त्याची. ही तिसरी त्याने मोठ्या हौसेने नवी आणली होती, पाठ मागे रेलणारी, आणि सुरुवातीला तर तिच्यावर कुणाला बसूही देत नव्हता.

गल्लीत त्याला सगळे पाणसळे म्हणायचे. हे काही त्याचं आडनाव नव्हे. एक गवंडी दाढीला यायचा, तो एकदा आरशात बघत म्हणाला, "आम्हाला भिंत सपाटीत आहे का बघायला पाणसळ लावावी लागते. हा माणूस नुसत्या डोळ्याने दोन्ही कल्ले सपाटीत आणतो. केसभर फरक नाही!" नाव चिकटलं ते चिकटलंच. नव्या गिऱ्हाइकांना ते खरंच आडनाव वाटायचं, आणि त्यानेही ते कधी दुरुस्त केलं नाही. आवडायचं त्याला.

पण हे कौतुक त्याच्या अंगात जरा जास्तच मुरलं होतं. धाकट्याने एखाद्याचे केस कापून कापड झटकलं, की हा मान तिरकी करून बघायचा, "सरक जरा," म्हणायचा आणि गिऱ्हाइकाच्या देखत धाकट्याचं काम पुन्हा करायचा. धाकटा हातात टॉवेल धरून बाजूला उभा राहायचा. तोही काही कोवळा नव्हता. त्याच्याही कानांवर पांढरे आले होते, मुलं कामाधंद्याला लागली होती. तरी दादासमोर तो जन्मभर धाकटाच.

एके दिवशी सकाळी पाणसळे एकाचे केस कापत होता. उजव्या हातात कात्री, डाव्यात कंगवा. कंगवा गळून पडला. याचं लक्ष नाही, कात्री आपली हवेत चालूच.

"धाकट्या, कंगवा दे."

धाकट्याने उचलून हातात दिला. तो पुन्हा पडला.

"अरे, कंगवा दे म्हणतोय ना! ऐकू येत नाही का?"

धाकट्याने आरशात पाहिलं. दादाच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता आणि डावा हात खुंटीला टांगलेल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

"दादा, तुझं तोंड वाकडं झालंय."

"तुझी नजर वाकडी झालीय. कंगवा दे."

 धाकट्याने दादाच्या हातातली कात्री काढून घेतली आणि त्याला कमरेला धरलं. गिऱ्हाईक बिचारं गळ्यात कापड तसंच बांधलेलं घेऊन गाडी थांबवायला रस्त्यावर धावलं. गाडीत एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला ते अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक आणि मध्ये पाणसळे, सारा रस्ता ओरडत, "गिऱ्हाईक अर्धवट टाकून मला कुठे नेतोस? दुकानाची अब्रू घालवतोस!"

हॉस्पिटलात त्याला लगेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. वेळेत आणला म्हणून मिळालं, नाहीतर ते देताच आलं नसतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला आणि धाकट्याला बाहेर बाकावर बसवून सगळं नीट समजावलं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, तिथे रक्ताची गुठळी झाली. ती वर सरकली आणि मेंदूच्या उजव्या अर्ध्यातल्या मधल्या मोठ्या धमनीत अडकली. इंजेक्शनने ती फुटली, बराच भाग वाचला. पण धमनीच्या एका मागच्या फांदीत तिचा तुकडा जाऊन बसला, तिथलं रक्त बंद झालं ते झालंच.

"म्हणजे कुठे?" धाकट्याने विचारलं.

बाईंनी स्वतःच्या उजव्या कानाच्या वर, जरासं मागे, बोट टेकवलं. धाकट्याने नकळत आपलंही बोट तिथे नेलं. माणसांची डोकी धुताना, पुसताना, चोळताना दोघा भावांची बोटं या जागेवरून रोज फिरत आली होती.

"मेंदूचा उजवा भाग डाव्या अंगाचा कारभार बघतो," बाई म्हणाल्या. "त्यामुळे हातात जोर नाही. पाय सुधारेल, हाताचं सांगता येत नाही. पण ही जी जागा आहे ना, ती नुसत्या अंगाचा नाही, डावीकडच्या सगळ्या जगाचा हिशेब ठेवते. त्यांचे डोळे चांगले आहेत. पण डावीकडे काही असतं, हेच त्यांच्या मनात येत नाही. आणि आपल्या मनात येत नाही, हेही त्यांना कळत नाही."

"मग आम्ही सांगायचं ना त्यांना?" बायकोने विचारलं.

"सांगा की. पण पटणार नाही."

आणि खरोखरच पटलं नाही. जेवणाचं ताट पुढे आलं की तो उजवीकडचं तेवढं खायचा आणि ओरडायचा, "एवढ्याशा अन्नावर माणूस बरा होणार आहे का?" बायकोने मुकाट्याने ताट फिरवलं की उरलेलं त्याच्या उजवीकडे यायचं आणि हा म्हणायचा, "हां! आता कसं वाढलंस!" बायको डावीकडून हाक मारायची तर हा उजवीकडच्या भिंतीकडे बघून "काय?" म्हणायचा. तिने मग आपलं स्टूल उचलून उजवीकडेच मांडलं.

सगळ्यात वाईट झालं ते हाताचं. अंथरूण बदलताना नर्सने त्याचा डावा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला. त्याने तो उजव्या हाताने चाचपला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कुणाचा हात?"

"तुमचाच की, काका."

"माझा? माझा हात मला कळत नाही? हा धाकट्याचा आहे. बघा, बोटं बघा. हा रोज येतो आणि माझ्या अंथरुणात हात घालतो. उशीखाली काय आहे ते बघायला."

धाकटा तिथेच, पायथ्याशी उभा होता. दोन्ही हात त्याने आधी मागे नेले, मग काय करावं न कळून पुढे आणून दाखवले. "दादा, हे बघ, माझे दोन्ही माझ्यापाशीच आहेत."

"मग हा तिसरा असेल," पाणसळे म्हणाला. "चोराला काय, कितीही असतात."

वॉर्डात हशा पिकला. धाकटाही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांचीही तीच मधली धमनी, फक्त डाव्या बाजूची, आणि तिची पुढची फांदी. त्यामुळे त्यांचा उजवा हात गेला होता आणि वाचाही. समोरच्याचं बोलणं सगळं समजायचं, पण तोंडून शब्द मात्र एकच निघायचा, "बरोबर." पाणी हवं असलं तरी बरोबर, नको असलं तरी बरोबर, बायकोवर चिडले तरी दात ओठ खाऊन बरोबर. पाणसळेने जाहीर केलं की हा हात माझ्या भावाचा आहे, तेव्हा मास्तरांनी त्याला गप्प करायला जीव तोडून मान हलवली आणि ओरडले, "बरोबर! बरोबर!"

"बघा," पाणसळे म्हणाला. "शिकलेला माणूस आहे. त्यांना दिसतंय."

पलीकडे एक ड्रायव्हर होता. त्याच्या मानेतून मागे, लहान मेंदूकडे जाणारी धमनी बंद झाली होती. हातापायांत जोर होता, बोलायचाही, पण उभा राहिला की झुलायचा आणि जीभ लडखडायची. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पहिल्या दिवशी त्याच्या सख्ख्या मुलीने तो पिऊन आलाय समजून त्याला दारातच फैलावर घेतलं होतं. ती आता रोज त्याचे पाय चेपायची, आणि कुणी विचारलं की, "मीच त्यांना नाही नाही ते बोलले," असं म्हणून डोळे पुसायची.

पाणसळे घरी आला तेव्हा काठी टेकत चालू लागला होता. डावा हात लोंबताच होता, तो त्याच्या खिजगणतीत नव्हता. चौकटीला डावा खांदा आपटायचा आणि हा चौकटीला शिव्या घालायचा. मग एक दिवस त्याने धोशा लावला, मला दुकानात ने. बायकोने टाळून पाहिलं, शेवटी धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, नुसतं बसवा तिथे. माणसं भेटली की बरं वाटेल त्यांना."

धाकट्याने त्याला आणून मधल्या खुर्चीमागे, त्याच्या नेहमीच्या जागी उभं केलं. दुकानात पाच-सहा माणसं होती, सगळी ओळखीची. "या, या, पाणसळे!" झालं, विचारपूस झाली. पाणसळेने आरशात पाहिलं, दुकानावर नजर फिरवली आणि त्याचा चेहरा बदलला.

"तिसरी खुर्ची कुठाय?"

"कुठली, दादा?"

"नवी खुर्ची. मी आणलेली. विकलीस?"

"अरे, ती काय, तुझ्या डावीकडे. भिंतीपाशी."

"मला शिकवू नकोस. मी तिकडे मरत पडलो होतो आणि तू खुर्ची विकून खाल्लीस."

धाकट्याने त्याला दोन्ही खांदे धरून हळूच वळवलं. खुर्ची समोर आली. पाणसळेने ती पाहिली, पाठीवर हात फिरवला. आता हा ओशाळेल, असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला, "आत्ता आणून ठेवलीस होय! मी येणार हे कळल्यावर!" आणि माणसांकडे वळून, "बघितलंत ना? चोर आहे हा. हॉस्पिटलातही माझ्या अंथरुणात हात घालायचा. माझ्या जिवावर वाढला आणि माझ्यावरच उलटला."

यावेळी कुणी हसलं नाही. हॉस्पिटलातली माणसं परकी होती, ही रोजची. धाकट्याने हातातला ब्रश फळीवर ठेवला, अंगावरचं कापड काढून खुंटीला लावलं आणि चपला घालून बाहेर निघून गेला. तो कधी असा जायचा नाही, म्हणून त्याला अडवायचं कुणाला सुचलंच नाही.

आता दुकानात सलूनवाला म्हणून एकटा पाणसळे. आणि त्याच वेळी दारातून वकीलसाहेब आत आले. जुनं गिऱ्हाईक, शांत माणूस. पाणसळेने मधल्या खुर्चीवर टॉवेल आपटला. "बसा, साहेब. आज माझ्या हातची."

वकिलांनी इतरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर आजारातून उठलेल्या माणसाचं मन मोडेल. ते बसले. एका हाताने पाणसळेने फेस लावला, एका हाताने वस्तरा चालवला. गालाची कातडी ताणून धरायला दुसरा हात नव्हता, तरी हात इतका मुरलेला की उजवा गाल स्वच्छ झाला, फक्त हनुवटीशी एक रेघ उमटली, त्यातून रक्ताचा ठिपका वर आला. मग त्याने मागे उभं राहून आरशात पाहिलं, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "झालं, साहेब. बघा."

वकिलांचा डावा गाल पांढऱ्या फेसाने भरलेला होता.

कुणीतरी दाबून हसलं. पाणसळेला वाटलं, धाकट्याला हसतायत. वकील क्षणभर स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरचा टॉवेल उचलून डावा गाल पुसला, उठले, "छान झाली, पाणसळे," म्हणाले आणि अर्धी दाढी घेऊन कोर्टात गेले.

धाकटा दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आला. दुकान दोन्ही घरांचं होतं, ते बंद ठेवून भागणार नव्हतं. पण दादाच्या घरी तो त्यानंतर फिरकला नाही.

हॉस्पिटलात व्यायामाला जावंच लागायचं. तिथली व्यायाम घेणारी ताई तरुण, हसतमुख, पण कामात पक्की. पेशंटमध्ये किती फरक पडतोय ते बघायला ती अधूनमधून त्यांच्या परवानगीने मोबाइलवर त्यांचं चित्रण करायची. त्या दिवशी तिने पाणसळेला समोर बसवलं आणि म्हणाली, "काका, टाळ्या वाजवा बघू."

त्याने वाजवल्या. म्हणजे त्याचं त्याला तसं वाटलं.

"वाजल्या?"

"हो, वाजल्या की. तुम्हाला ऐकू नाही आल्या?"

ताईने चित्रण थांबवलं, स्टूल ओढून त्याच्या उजव्या अंगाला बसली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. "जरा हे बघता का माझ्याबरोबर?"

तिने हे का केलं ते समजून घेण्यासारखं आहे. आरशात माणसाची डावी बाजू डावीकडेच राहते, आणि पाणसळेच्या लेखी डावीकडे काही नव्हतंच. आख्खा जन्म आरशासमोर काढलेल्या माणसाला आरसा काहीही सांगू शकला नाही, तो याचमुळे. पण दुसऱ्याने समोरून घेतलेल्या चित्रात आपला डावा हात उजवीकडे येतो. त्याच्या शाबूत असलेल्या बाजूला.

पडद्यावर एक म्हातारा बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, एका गालावर खुंट वाढलेले. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. आणि तो म्हातारा दुसऱ्या हाताने हवेत चापट्या मारत होता. टाळी नाही, आवाज नाही. मोठ्या तोऱ्यात तो विचारत होता, "तुम्हाला ऐकू नाही आल्या?"

पाणसळे बघत राहिला. "पुन्हा लावा."

तिने पुन्हा लावलं.

"हा मी?"

"हो, काका."

"हा हात..." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या मांडीकडे पाहिलं, उजव्या हाताने शोधत गेला आणि डाव्या मनगटावर येऊन थांबला. बराच वेळ तो ते मनगट धरून होता. "हा तर हलतच नाही."

"नाही."

"कधीपासून?"

तिने सांगितलं.  घरी जाताना गाडीत बायकोच्या लक्षात आलं, की त्याने तो हात उचलून मांडीवर घेतलाय आणि वर रुमाल टाकलाय, कुणाला दिसू नये म्हणून.

त्यानंतरचे दिवस बायकोला आजाराच्या दिवसांपेक्षा जड गेले. आधी तो ओरडायचा, भांडायचा, तिची चूक काढायचा. आता तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दारावर कुणी आलं की डोळे मिटायचा. बाहेरच्या खोलीत माणसं हसली की आपल्यालाच हसतायत असं वाटून घाम फुटायचा. एकेक आठवत यायचं. विसरलं काहीच नव्हतं, सगळं जसंच्या तसं डोक्यात साठलेलं, फक्त त्याचा अर्थ आत्ता लागत होता. नर्सला काय बोललो. मास्तर का मान हलवत होते. वकिलांनी गाल पुसला तो टॉवेल. आणि धाकट्याने पुढे करून दाखवलेले दोन हात.

ताईला हे कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "काका, तो आजार होता. तुमच्यासारखे कितीतरी पेशंट हात आपला नाही म्हणतात. कुणी नर्सचा म्हणतं, कुणी मेलेल्या आईचा. तुमच्या हातात नव्हतं ते."

"हात माझा नाही असं आजाराने म्हणायला लावलं. कबूल," तो म्हणाला. "पण धाकट्याचाच का म्हणालो? आणि चोर? हा शब्द कुठल्या धमनीत होता, ताई?"

उगाच काहीतरी सांगणाऱ्यांतली ती नव्हती. "ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

शेवटी बायकोनेच पुढाकार घेतला. दुपारची वेळ होती. पाणसळे पलंगावर तक्क्याला टेकून बसला होता. ती त्याच्या उजवीकडे येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊजींना निरोप पाठवला होता मी."

तो एकदम आक्रसला. "कशाला? येणार नाही तो. आणि येऊही नये."

बायकोने तोंड उघडलं, आणि मग त्याच्या पलीकडे पाहून मिटलं. धाकटा केव्हाच आला होता. वहिनीच्या पाठोपाठ आत येऊन पलंगाच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर तो बसला होता, हातभर अंतरावर. भाऊ आपल्याकडे बघत नाही, हा राग की आजार हे त्याला कळेना, म्हणून तो काही बोलला नव्हता. आता त्याने वहिनीकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"का येऊ नये?" तिने विचारलं.

"काय तोंड दाखवू त्याला? चारचौघांत चोर म्हणालो. त्याने उचलून नेलं नसतं तर मी तिथेच खुर्चीमागे मेलो असतो. सगळे म्हणतात आजार, आजार. पण मला भीती वाटते ती वेगळीच." तो थांबला. बायकोने त्याचा हात धरला. "भीती ही वाटते, की ते माझ्या मनात आधीपासूनच होतं. दुकान माझं, हात माझा, नाव माझं, आणि तो फुकटचा वाटेकरी. तोंडाने कधी म्हणालो नाही. पण त्याचं काम पुसून मी पुन्हा करायचो ना, ते काय वेगळं होतं? चोर म्हणण्यासारखंच होतं ते. आजाराने फक्त झाकण उडवलं. आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की माफ कर? म्हणेल, काय काय माफ करू?"

 तेवढ्यात त्याच्या मांडीवरचा रुमाल हलला. डाव्या हाताला स्पर्श कळायचा नाही, पण रुमाल सरकलेला दिसला म्हणून त्याने मान वळवली, ताईने शिकवलं होतं तशी, हळूहळू, आणखी, आणखी डावीकडे. तिथे धाकटा बसला होता. त्याने दादाचा तो मेलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता.

"मी मघापासून इथेच आहे, दादा."

पाणसळेच्या चेहऱ्यावर जे झालं ते बायकोला बघवेना. त्याने उजवा हात तोंडावर घेतला, पण एका हाताने आख्खं तोंड झाकत नाही. "ऐकलंस सगळं?"

"ऐकलं."

"मला वाटलं... मी इकडे बघून..."

"राहू दे. चोर म्हणालास ते मी त्याच दिवशी सोडलं असतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मी रागावलो तो त्याच्यावर नाही."  "'माझ्या जिवावर वाढला' म्हणालास ना तू, ते मला तुझ्या आजाराचं वाटलं नाही. ते तुझं वाटलं. म्हणून गेलो."

"माझंच होतं."

"तेच ऐकायचं होतं. लाज वाटायची तर त्याची वाटू दे. हाताबिताची कशाला वाटून घेतोस!"

"त्याचीही वाटते," पाणसळे म्हणाला. "वकिलांची तर फारच."

धाकट्याला अचानक हसू फुटलं. आवरेना. "वकीलसाहेब... न्यायाधीशांनी त्यांना विचारलं म्हणे, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?" पाणसळेने त्याच्याकडे पाहिलं, हसावं की मेल्याहून मेलं व्हावं, त्याला ठरवता येईना. बायको उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत जाऊन बराच वेळ आलीच नाही.

पाणसळे पुन्हा दुकानात गेला, पण वस्तऱ्याला त्याने हात लावला नाही. वकील आले तेव्हा त्याने उठून त्यांच्यापुढे मान खाली घातली. शब्द जमवून ठेवले होते, ते ऐनवेळी निघाले नाहीत. वकील म्हणाले, "अहो, एवढी वर्षं दोन्ही गाल केलेत, एक राहिला तर काय बिघडलं?" त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं, आणि त्यामुळेच त्याला ते जास्त लागलं. ते असले की तो अजूनही मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. धाकटा आता मधल्या खुर्चीवर काम करतो. काम पूर्वीसारखंच, ना वर ना खाली, पण आता त्याच्यामागून कुणी हात फिरवत नाही. पाणसळे टॉवेल घड्या करतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. टॉवेलांची डावी कड कधीकधी दुमडायची राहते. बघितलं की धाकटा जाता जाता ती दुमडतो, आणि पाणसळेने ते पाहिलं की त्याचे कान गरम होतात.

तपासणीला तो हॉस्पिटलात जातो. एकदा वॉर्डाच्या दारात त्याला आरडाओरडा ऐकू आला. आत एक जाडजूड बाई आपल्याच डाव्या पायाला खाटेवरून खाली ढकलत होती. "हा सुनेचा पाय आहे, घेऊन जा म्हणावं!" तिचा मुलगा आणि दोघं-तिघं नातेवाईक हसून लोटपोट झाले होते. सून भिंतीपाशी उभी होती, तीही हसायचा प्रयत्न करत होती.

 परत फिरावं असं पाणसळेच्या मनात आलं. दोन पावलं फिरलाही. मग आत गेला आणि त्या मुलाला बाजूला घेतलं. "हसू नका," तो म्हणाला.

"अहो आजोबा, त्यांना काय कळतंय?"

"आज नाही कळत. पण हे सगळं डोक्यात साठतंय. एक दिवस कळेल त्यांना, आणि तेव्हा तुमचं हसणंही आठवेल. मला आठवतं."

 सून पुढे आली. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या माझंच नाव का घेतात हो? मी काय केलंय त्यांचं?"

याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं त्याला क्षणभर वाटलं, आणि ते सांगण्याजोगं नाही असंही वाटलं. सगळ्यांचं आपल्यासारखंच असेल असं कुठे आहे? तो म्हणाला, "मला तुमच्या घरचं माहीत नाही, पोरी. आजार खरा आहे, एवढं नक्की. आणि त्यांच्याशी बोलायचं तेव्हा उजवीकडे बस. तिथे नसलीस तर त्यांच्यासाठी तू नसतेसच."

सुनेने स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून ते उजवीकडे मांडलं आणि सासूसमोर बसली. बाईने दचकून तिच्याकडे पाहिलं. "तू कधी आलीस गं?"

पाणसळे पुढचं ऐकायला थांबला नाही. बाहेर बाकावर धाकटा त्याची वाट बघत होता, डाव्या टोकाला. यावेळी पाणसळेने मान पुरती वळवून त्याला शोधलं, आणि काठी टेकत त्याच्याकडे चालू लागला.